जास्त स्पीडवालं विमान डॉगफाइट हरतं कसं?

विमाननगरकर:

नमस्कार मंडळी. धागा काढायचं कारण माझा भाचा, वय वर्षे ११. आमच्या डोक्यावरून लोहगावची सुखोई जात असतात, फोनवर बोलताना मधेच "थांब, जाऊ दे" म्हणायची सवय घरात सगळ्यांना लागलीय, त्यामुळे पोराला विमानांचं वेड लागलं नसतं तरच नवल. सुट्टीत त्याला कुणीतरी विमानांची ट्रम्प कार्डं दिली. त्या खेळात मिग-२५ ज्याच्या हातात तो राजा, टॉप स्पीड पुकारला की समोरच्याचं पान गेलंच. आणि नॅटचं, आपल्या हवाई दलाच्या जुन्या छोट्या लढाऊ विमानाचं, कार्ड म्हणजे रद्दी, ते कुणालाच नको असतं.

मी मामा म्हणून शहाणपणा करायला गेलो, म्हटलं अरे ह्याच नॅटनी ६५ आणि ७१ ला पाकिस्तानची सेबर विमानं पाडली, सेबर स्लेअर म्हणायचे तिला. तर कार्ड नाकासमोर धरून म्हणतो, मामा, हिचा स्पीड अकराशेच्या आसपास, पाकिस्तानकडे तेव्हा एफ-१०४ होतं ते मॅक २ ने, आवाजाच्या दुप्पट वेगाने जायचं, म्हणजे हिच्या जवळपास दुप्पट, मग त्यांनी सगळी नॅट का नाही मारली? मी जेवायला बसू म्हणून विषय बदलला.

तर आता तुम्हीच सांगा. स्पीड जास्त तो जिंकणार हे साधं गणित विमानांना लागू का होत नाही? आणि विमान "चांगलं वळतं" म्हणजे नक्की काय? सोप्या भाषेत सांगा, मी कॉमर्सवाला आहे.

गणिताचे_मास्तर:

भाच्याला माझ्यातर्फे एक पेढा द्या.

आधी विमान वळतं कसं ते बघू. गाडीसारखं चाक फिरवून नाही वळत. एका कुशीवर कलंडायचं आणि काठी (कंट्रोल स्टिक) पोटाशी ओढायची, मग जो उचलणारा जोर एरवी वर असतो तो बाजूला लागतो आणि विमान वळणात खेचलं जातं. किती जोरात खेचलं ते जी मध्ये मोजतात. ७ जी म्हणजे ७० किलोच्या पायलटला आपण ४९० किलोचे झालोय असं वाटणार, मान वळवून मागे बघणं हीसुद्धा कसरत.

आता गंमत. वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे तेवढाच जी खेचून वेग दुप्पट केला तर त्रिज्या चौपट. ताशी ४५० किमी वेगाने ४ जी खेचले तर त्रिज्या साधारण ४१० मीटर येते, पूर्ण चक्कर २१ सेकंदात. तेच ४ जी ९०० किमीला खेचले तर त्रिज्या १६०० मीटरच्या पुढे आणि चक्कर मारायला ४१ सेकंद. म्हणजे हळू चाललेला दोन चकरा मारतो तेव्हा वेगवाल्याची एक होते, आणि हवाई लढाईत पूर्वी तरी सगळा खेळ दुसऱ्याच्या शेपटीमागे जाण्याचाच होता.

भाच्याच्या मिग-२५ चंच घ्या. ताशी २६०० किमीने जाताना समजा ४ जी खेचले तर त्रिज्या येते जवळपास १४ किमी. लोहगाववर यू-टर्न घ्यायला सुरुवात केली तर तो पूर्ण होईपर्यंत देहूरोडच्याही पलीकडे गेलेले असाल, आणि मधे एक अख्खं मिनिट गेलेलं. त्या मिनिटात समोरचा कुठल्या कुठे.

मग म्हणाल हळूच जावं की. तसंही नाही. पंखाचा उचलायचा जोरसुद्धा वेगाच्या वर्गावरच चालतो. फार हळू गेलात तर ७ जी सोडा, ३ सुद्धा खेचता येत नाहीत, काठी ओढली की विमान थरथरतं आणि पडतं. आणि फार जोरात गेलात तर पायलट आणि सांगाडा दोघांची हद्द येते, त्यापुढे खेचताच येत नाही. ह्या दोन्हीच्या मधे एक वेग असतो जिथे विमान सगळ्यात पटकन तोंड फिरवतं, त्याला कॉर्नर स्पीड म्हणतात. चांगला पायलट लढाईत त्याच्या आसपास राहायला बघतो. कार्डावर छापलेला टॉप स्पीड म्हणजे रिकामं विमान, उंचावर, सरळ रेषेत. लढाईत तो आकडा कुणी गाठत नाही.

शंकासुर:

मास्तर, हे सगळं मान्य, पण मग दुसऱ्या महायुद्धात जपानी का हरले ओ? त्यांच्या झिरोसारखं वळणारं विमान तेव्हा अमेरिकनांकडे नव्हतं. तुमच्या हिशोबाने ते अजिंक्यच राहायला हवं होतं.

गणिताचे_मास्तर:

येणार होतोच तिकडे, चहा प्यायला गेलो होतो :)

झिरो कमी वेगात अप्रतिम वळायचं कारण ते हलकं होतं. आणि हलकं का, तर पायलटच्या पाठीमागे चिलखत नाही, पेट्रोलच्या टाकीला गोळी लागली तर भोक आपोआप बुजवणारं अस्तर नाही. अमेरिकनांना १९४२ साली अलास्काच्या अकुतान बेटावर दलदलीत उलटं पडलेलं एक झिरो जवळजवळ शाबूत सापडलं. ते दुरुस्त करून सॅन डिएगोला उडवून बघितलं तेव्हा कळलं की वेग वाढला की ह्याची काठी डावी-उजवीकडे दगडासारखी घट्ट होते, कुशीवर कलंडताच येत नाही. आणि झपकन नाक खाली टाकलं की इंजिन क्षणभर गप्प. म्हणजे उपाय सरळ झाला: हळू जाऊन त्याच्याशी वळायच्या भानगडीत पडायचंच नाही, उंचावरून या, मारा, खाली तसेच वेगात निघून जा.

क्लेअर शेनॉल्टनी चीन-ब्रह्मदेशात फ्लाइंग टायगर्सना, म्हणजे चीनसाठी लढणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक पायलटांना, त्याआधीपासूनच हेच शिकवलं होतं. पी-४० विमान वळायला जड पण सूर मारायला पक्कं. वळू नका, सूर मारा, एक फैर झाडा, पुढे जा, परत उंची कमवा. डिसेंबर १९४१ ला रंगूनवर ह्याच पद्धतीने लढले.

शंकासुर:

फक्त एक, रंगूनवर त्यांच्यासमोर बहुतेक जपानी लष्कराची केआय-२७ आणि केआय-४३ होती, झिरो हे नौदलाचं. लोक सगळ्यालाच झिरो म्हणतात. बाकी बरोबर.

आणि थॅच वीव्ह नावाची चाल सोडू नका. जिमी थॅच अमेरिकन नौदलाचा, त्याच्याकडे वाइल्डकॅट, जे झिरोसारखं वळतही नाही आणि चढतही नाही. हा माणूस रात्री घरी टेबलावर आगकाड्या मांडून सरकवत बसायचा की अशा विमानाने जगायचं कसं. शेवटी सुचलं ते असं, दोघांनी अंतर ठेवून शेजारी-शेजारी उडायचं, एकाच्या मागे शत्रू लागला की दोघांनी एकमेकांकडे वळायचं, म्हणजे मागे लागलेला आपोआप दुसऱ्याच्या बंदुकीसमोर येतो. मिडवेला जून १९४२ मध्ये वापरलं आणि चाललं. विमान तेच, स्पीड तोच, वळणंही तेवढंच.

विमाननगरकर:

हे आगकाड्यांचं पोराला सांगितलं, आता आमच्या स्वयंपाकघरात काडेपेटी शिल्लक नाही.

पण मला अजून गोंधळ आहे. एक म्हणताय वळणारा जिंकतो, एक म्हणताय वेगवाला जिंकतो. नक्की कोण?

माजी_एअरमन:

मी उडवलेली नाहीत विमानं, खाली राहून सांभाळलीत, ग्राउंड क्रू. तेव्हा पायलट लोक आपसात काय बोलायचे ते कानावर पडलेलं सांगतो. ते स्पीड असं सुटं बोलायचेच नाहीत. एनर्जी म्हणायचे. "एनर्जी गेली माझी" हे वाक्य कॉम्बॅट प्रॅक्टिसवरून उतरल्यावर दिवसातून दहा वेळा ऐकू यायचं.

त्याचा अर्थ असा की वेग आणि उंची ही एकाच मालाची दोन रूपं. वेग आहे तर नाक वर करा, वेग कमी होतो आणि उंची मिळते. उंची आहे तर नाक खाली घाला, वेग परत हातात. पण जोरात वळलात की दोन्हीतलं थोडं थोडं जळून जातं, ते परत मिळत नाही, इंजिननी नव्याने कमवून द्यावं लागतं. आणि कमवायला रीहीट लावायचा, म्हणजे इंजिनच्या मागच्या भागात जादा तेल जाळून जोर वाढवायचा, म्हणजे पेट्रोल. मिग-२१ ला खाली कमी उंचीवर पूर्ण रीहीट सतत लावून ठेवला तर पोटातलं सगळं तेल दहाएक मिनिटांत संपेल. घरी परत यायला ठेवायचं असतं त्यातलंच. म्हणून लढाई मिनिटं-दोन मिनिटांची, त्यात ज्याने आधी उधळपट्टी केली तो गेला.

आता तुम्हाला एक बघितलेलं सांगतो. विमान डिस्पर्सलला, म्हणजे उभं करायच्या जागेवर, आलं, शिडी लावली की आम्ही आधी कॉकपिटमधल्या जी-मीटरकडे बघायचो. त्यात एक काटा आत्ताचा जी दाखवतो आणि एक काटा त्या सॉर्टीत (उड्डाणात) जास्तीत जास्त किती गेला तिथेच अडकून राहतो, बटण दाबेपर्यंत. तो लिमिटच्या पुढे दिसला की आमचा दिवस गेला, ओव्हर-जी ची तपासणी, पॅनेल उघडा, रिव्हेट बघा, पंखाची मुळं बघा. एकदा एक तरुण साहेब उतरले, ओव्हरऑल घामाने पाठीला चिकटलेला, बाही वर केली तर हातावर बारीक लाल पुरळ, जी मुळे कातडीखालच्या केशवाहिन्या फुटतात त्याचं. काटा जिथे नको तिथे. ते म्हणाले, "पण मी मागे आलो होतो त्याच्या." आमचे सार्जंट म्हणाले, "सर, तुम्ही त्याच्या मागे आलात, आता आम्ही तुमच्या मागे." तीन दिवस विमान खाली होतं.

गणिताचे_मास्तर:

एअरमन काकांनी नेमकं सांगितलं. त्यात फक्त आकडा घालतो, कॉमर्सवाल्यांसाठी. ताशी ९०० किमी वेग म्हणजे किती उंचीचा माल? हवेचा रोध सोडला तर साधारण ३२०० मीटर. म्हणजे कळसूबाई शिखर १६४६ मीटर, जवळपास दोन कळसूबाई एकावर एक. आणि वेग निम्मा, ४५० केला, तर निम्मी उंची नाही हं, पाव, जेमतेम ८०० मीटर. म्हणून वळणात वेग निम्म्यावर आणणारा पायलट माल निम्मा नाही, पाऊणभर गमावून बसतो, आणि ते त्याला त्या क्षणी कळत नाही कारण वळण तर मस्त टाइट आलेलं असतं.

हे सगळं गणितात बसवलं जॉन बॉइड नावाच्या अमेरिकन पायलटनी, साठच्या दशकात, टॉम ख्रिस्ती ह्या गणितज्ञाबरोबर. प्रत्येक विमानाचा प्रत्येक वेगाला आणि उंचीला हिशोब मांडला की इथे किती जी खेचले तर किती माल जळतो आणि इंजिन किती भरून देतं. मग आपला आणि शत्रूचा तक्ता एकावर एक ठेवायचा. जिथे आपण वरचढ तिथे लढायचं, जिथे तो, तिथून निघायचं. म्हणजे "कुठलं विमान चांगलं" हा प्रश्नच अर्धवट. कुठल्या वेगाला, कुठल्या उंचीला, ते सांगा.

शंकासुर:

आणि त्याच बॉइडला स्वतःच्या तक्त्यात न बसलेली गोष्ट म्हणजे कोरियाचं युद्ध. कागदावर रशियन मिग-१५ जास्त चढायचं, जास्त उंच जायचं, कित्येक ठिकाणी वळायचंही चांगलं. तरी अमेरिकन सेबरवाले भारी पडले. किती भारी त्यावर भांडणं आहेत, अमेरिकनांचे जुने आकडे फुगवलेले होते हे आता तेही मानतात. पण पडले. पायलट अनुभवी होते हे आहेच, त्याशिवाय दोन गोष्टी. सेबरला पायलटच्या डोक्यावर पूर्ण काचेचा घुमट, मागचं स्वच्छ दिसायचं. आणि हायड्रॉलिक कंट्रोल, त्यामुळे डावीकडून उजवीकडे, वरून खाली पटकन पलटता यायचं. मिगवाला वेगात दोन्ही हातांनी काठी ओढतोय तोवर सेबरने चाल बदललेली. वळण टाइट असणं वेगळं आणि एका वळणातून दुसऱ्यात शिरणं वेगळं.

खो-खो खेळलाय का कुणी? पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत उलटं वळता येत नाही. पळणारा बसलेल्यांच्या मधून आत-बाहेर साखळी टाकत जातो. मागचा जितका सुसाट तितका पुढे निघून जातो आणि त्याच्या पाठीशी हा मोकळा उभा. विमानात ह्यालाच सिझर्स म्हणतात. फक्त विमानात पुढे निघून गेलेल्याला खो द्यायला कुणी नसतो, मागचा गोळी घालतो.

ठाणेस्लो:

व्हिएतनामचं कुणी बोललं नाही अजून. तिथे अमेरिकनांचं फँटम जवळपास सगळ्या बाबतीत वेगवान, समोर उत्तर व्हिएतनामचं मिग-१७, जे आवाजाच्या वेगालाही धड पोचत नाही. आणि सुरुवातीच्या फँटमला बंदूकच नव्हती, आता मिसाइलचा जमाना आहे म्हणून. ती मिसाइलं चुकायची किती, स्पॅरो नावाचं मिसाइल दहात एक लागलं तरी पुष्कळ. आणि मिगवाले गोल रिंगण करून उडायचे, एकमेकांच्या शेपट्या राखत. त्या रिंगणात फँटम शिरलं की मेलं.

उपाय काय काढला तर आडवं वळायचंच नाही, उभं वळायचं. फँटमची इंजिनं दांडगी, तर वर उचलायचं, वेग उंचीत ठेवायचा, वर गेल्यावर वेग कमी झालेला असतो म्हणजे तिथे वळण आपोआप छोटं होतं, तोंड फिरवायचं आणि परत खाली सूर. मिगला तेवढं वर येण्याइतकी ताकद नाही. यो-यो म्हणतात. १९६९ ला अमेरिकन नौदलाने कॅलिफोर्नियात मिरामारला टॉपगन शाळा काढली ती हे विसरलेलं परत शिकवायलाच.

रँडी कनिंगहॅम ह्या फँटमवाल्याची १० मे १९७२ ची लढाई वाचा, मिग-१७ वाला उभ्यातही सोडेना, शेवटी ह्याने थ्रॉटल मागे ओढून एअरब्रेक काढले आणि मिग पुढे निघून गेलं. त्या मिगमधला म्हणजे तोच तो व्हिएतनामी कर्नल टून.

शंकासुर:

कर्नल टून नावाचा माणूसच नव्हता. दंतकथा आहे. लढाई खरी आहे.

ठाणेस्लो:

बरं. टून कॅन्सल.

ओझरकर:

उशिरा आलो, द्राक्षाच्या छाटणीत होतो. आमच्या बागेवरून एचएएलची विमानं टेस्टला जातात, आधी मिग-२१ जायची (कारखाना १९६४ साली त्याच्यासाठीच आला), आता सुखोई. वडील कारखान्यात होते म्हणून थोडं ऐकीव आणि बरंच वाचलेलं. मूळ प्रश्न नॅट आणि एफ-१०४ चा होता, तिकडे कुणी आलंच नाही, सगळे जग फिरून आले.

नॅट. पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत पावणेसात मीटर, सेबर अकरा मीटरच्या वर. समोरून येताना नॅट म्हणजे आकाशातला ठिपका. वजन पूर्ण भरून चार टनांच्या आसपास. म्हणून तिला वेग पकडायला आणि चढायला वेळ लागायचा नाही. सेबर कमी वेगात झकास वळायचं, त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणाऱ्या पट्ट्या असायच्या, त्यामुळे नॅटवाल्याने हळू होऊन त्याच्याशी गोल गोल फिरणं म्हणजे मूर्खपणा. नॅटने वर जायचं, परत यायचं. बॉइडचा तक्ता आपल्याकडे कुणी बघितला असेल-नसेल, पण तेच.

१ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये आपली चार व्हँपायर गेली, जुनाट विमानं, सेबरसमोर काय टिकणार. मग ३ तारखेला पठाणकोटवरून आपली मिस्टिअर विमानं मुद्दाम रडारवर दिसतील अशी पाठवली आणि नॅट खालून जमिनीला चिकटून. मिस्टिअर मागे फिरली, सेबर त्यांच्यासाठी आली आणि भेटली नॅट. ट्रेव्हर कीलर यांना त्या दिवशी सेबर पाडल्याचं श्रेय मिळालं, पाकिस्तान म्हणतो ते विमान खराब होऊन परत आलं. ते असो. मुद्दा हा की लढाई सुरू झाली तेव्हा कोण कुणाला दिसलं नव्हतं हे आधी ठरलं होतं.

तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरची बॉयराची लढाई तसंच. २२ नोव्हेंबर १९७१, डमडमवरून चार नॅट उडाली. सेबर खाली सैन्यावर मारा करण्यात गुंतलेली, सूर मारून खाली, परत वर, नॅट खालूनच आली. दोन पाकिस्तानी पायलट पॅराशूटने उतरले आणि पकडले गेले, त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

नॅटचे गुणच गातोय असं नको. तिच्या ३० मिलीमीटरच्या तोफा अडकायच्या, ही तक्रार सगळीकडे आहे. मागे जायचं, नेम धरायचा, बटण दाबायचं आणि काही नाही. आणि १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरला निर्मलजीत सिंग सेखों एकटे सहा सेबरमध्ये शिरले, धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना उडालेले, म्हणजे उंची नाही, वेग नाही, माल शून्यावरून सुरुवात. तरीही लढले. परमवीर चक्र, हवाई दलाचं एकमेव. तिथे विमानाच्या गुणांची चर्चा मला करवत नाही.

आता एफ-१०४. ते विमानच वेगळ्या कामासाठी, उंचावर येणाऱ्या बॉम्बर्सवर सरळ रेषेत झेप घ्यायला. पंख जेमतेम १८ चौरस मीटर.

माजी_एअरमन:

मधे बोलतो, त्या पंखाची पुढची कड इतकी पातळ होती की जमिनीवर असताना तिला कव्हर घालून ठेवायचे, नाहीतर क्रूला कापायची. सुरीच ती. वळायला पंख लागतो, सुरी नाही.

ओझरकर:

अगदी. त्यामुळे नॅट वळायला लागली की एफ-१०४ ला तिच्या मागे वळताच यायचं नाही, वळायला जावं तर वेग जायचा आणि वेग गेला की त्याच्याकडे दुसरं काहीच नाही. मग काय, एकदा सुसाट यायचं, जमलं तर मारायचं, नाहीतर निघून जायचं. पकडू कुणी शकत नव्हतं ६५ ला, आपल्याकडे तेवढ्या वेगाची मिग-२१ मोजकीच होती. म्हणजे भाच्याला सांगा, स्पीड फुकट नव्हता. त्याने एफ-१०४ वाचायचं. पण वाचणं आणि मारणं वेगळं.

७१ ला ते वाचणंही गेलं. १२ डिसेंबरला जामनगरकडे आलेल्या एफ-१०४ च्या मागे ४७ स्क्वाड्रनचं मिग-२१ लागलं, भारतभूषण सोनी पायलट. एफ-१०४ समुद्रावर खाली उतरून पळायला लागलं, म्हणजे त्याचं ठरलेलं औषध, फक्त ह्यावेळी मागचाही मॅक २ वाला आणि वर पंख मोठा, २३ चौरस मीटर, वजनाने हलका. कच्छच्या आखातावर पाडलं. आणि मिग-२१ एफएल कारखान्यातून बंदुकीशिवाय यायचं, व्हिएतनामच्या फँटमसारखीच चूक, ६५ नंतर आपल्या लोकांनी पोटाखाली तोफेचा पॉड लावून घेतला होता. नवीन विमान आलं की बंदूक काढायची आणि लढाई झाली की परत लावायची, हे सगळ्या देशांनी आपापल्या पैशाने शिकून घेतलं.

विमाननगरकर:

ओझरकर, दंडवत. पण मग आजचं काय? आमच्या डोक्यावर जातं ते सुखोई एअरशोमध्ये हवेत उभं राहतं, मागे झुकतं, नाक कुठेही फिरवतं. ते तर डॉगफाइटमध्ये राजा असायला हवं.

ठाणेस्लो:

आधीच सांगतो, गेल्या काही वर्षांत सीमेवर कुणी कुणाचं काय पाडलं ह्यावर इथे नको, धागा जळून जाईल.

सुखोईचं नॉझल, म्हणजे इंजिनची मागची नळी, फिरते म्हणून ते वेग जवळपास संपला तरी तोंड फिरवू शकतं. एकास एक असेल तर भारी हत्यार. पण तोंड फिरवलं म्हणजे मास्तरांचे दोन्ही कळसूबाई खर्चून झाले. त्या क्षणी विमान हवेत लटकलेलं, आणि समोरच्याचा नंबर दोन, म्हणजे जोडीदार, वरून बघत असेल तर आयतं सावज. म्हणून शेवटचा उपाय, पहिला नाही. मिराज-२००० आणि तेजसचा त्रिकोणी पंखही थोडा तसाच, पहिला हिसका जबरदस्त देतो, पण सतत खेचत राहिलं की वेग झरझर खातो.

दुसरं म्हणजे आता विमानाने तोंड फिरवायची गरजच कमी झालीय. १९९० नंतर पूर्व जर्मनीची मिग-२९ एकत्र झालेल्या जर्मनीकडे आली, नाटोवाल्यांनी त्यांच्याशी सराव केला आणि हादरले. पायलट हेल्मेटमधून नुसता बाजूला बघतो आणि आर-७३ मिसाइल तिकडे वळतं. विमान ९ जी खेचतं, मिसाइल त्याच्या कितीतरी पट. आपण कितीही छान वळा.

आणि लांबच्या लढाईत, जिथे शत्रू डोळ्याला दिसतही नाही, तिथे भाच्याचा स्पीड परत आलाय. मिसाइलचं इंजिन काही सेकंद जळतं, नंतर ते मिळालेल्या वेगावर आणि उंचीवर घरंगळत जातं. उंचावरून आणि वेगात असताना सोडलं तर तेच मिसाइल कितीतरी लांब मारतं. म्हणून आधी वर चढा, वेग घ्या, सोडा, आणि लगेच तिरके वळा म्हणजे समोरच्याचं मिसाइल यायला जास्त हवा कापावी लागेल. त्याचं मिसाइल आलंच तर त्याच्या रडारला काटकोनात आडवं जायचं, कारण रडार जवळ येणाऱ्या किंवा लांब जाणाऱ्या वेगावरून विमान ओळखतं, आडवं गेलं की आपण जमिनीसारखे दिसतो. म्हणजे वळणं आहेच. फक्त आता शेपटीमागे जाण्यासाठी नाही, मिसाइलला दमवण्यासाठी.

माजी_एअरमन:

मिग-२५ आपल्याकडे बरेलीला होती, भाच्याला सांगा. फोटो काढायच्या कामाला. उंच आणि सुसाट जायचं, फोटो घ्यायचे, परत. लढायचं नाहीच, त्यामुळे तिचा स्पीड शंभर टक्के कामाला यायचा. २००६ ला निवृत्त झाली. कार्डावर राजा आहे ते ठीकच आहे.

विमाननगरकर:

सगळं वाचून दाखवलं, दोन तास गेले, मधे दोनदा सुखोईंमुळे थांबलो. भाच्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग कार्डावर "कोण वर आहे" आणि "कुणी आधी बघितलं" हे कुठे लिहिलंय? नाहीच लिहिलेलं. आता त्याने नवीन नियम काढलाय, पान टाकायच्या आधी नाणं उडवायचं, छापा पडला तर तुम्ही वर. काल नॅटने मिग-२५ खाल्लं, तो खूश, मी हरलो.

ओझरकर:

ती कार्डं कुठल्या दुकानात मिळाली ते सांगा, आमच्या पोरीला हवीत. आणि तेजसचं कार्ड आहे का त्यात?

विमाननगरकर:

तेजस नाहीये. जग्वार दोन आहेत, छापायची चूक असावी. दुकान विचारून सांगतो.